घरात मदत भरपूर, तरी थोरला बिथरलेला: एका कुटुंबाचं प्रकरण

कुटुंब असं. आई, बाबा, नुकतीच तीन वर्षं पूर्ण झालेला मुलगा, सहा आठवड्यांची मुलगी, आणि बाळंतपणापासून सोबत राहायला आलेल्या आजी, म्हणजे बाबांच्या आई. नावं देत नाहीये, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, मुलांना थोरला आणि धाकटी एवढंच म्हणते. लहान मुलं असलेल्या घरांत जाऊन आईबापांना सल्ला द्यायचं माझं काम आहे आणि मला येणारे निम्मे फोन "मोठा फार जेलस झालाय हो" असेच सुरू होतात. हाही तसाच होता, फक्त बाबांचा आवाज जरा जास्तच घाबरलेला होता.

झालं होतं असं की आई बाथरूममध्ये गेली होती, आजी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, धाकटी मोठ्या पलंगावर झोपलेली, आणि बाबा खोलीत येतात तर थोरला पलंगावर चढून तिच्या तोंडावर दुपटं पसरतोय. घाईघाईने नाही, अगदी कोपरे ओढून, नीट. बाबांनी झडप घालून दुपटं ओढलं, त्याच्यावर जोरात ओरडले, तो इतका दचकला की जागच्या जागी शू झाली, त्या आवाजाने धाकटी उठली, आई ओल्या तोंडाने पळत आली आणि पुढचा अर्धा तास घरात सगळी रडारड. आजी सोडून. आजी म्हणत होत्या, "अरे पोरं करतात असं, तू कमी होतास का?"

मी घरी गेले तेव्हा तिघांनीही मला वेगवेगळं गाठून आपापलं म्हणणं ऐकवलं. बाबांचं म्हणणं, मुलगा हिंसक होतोय, आत्ताच काहीतरी करायला हवं. आजींचं म्हणणं, काहीही झालेलं नाही, हल्लीच्या आईबापांना सगळ्याचं टेन्शन. आईचं म्हणणं एकाच वाक्यात, "मी दुसऱ्याची घाई केली." याशिवाय तक्रारींची यादी होतीच. धाकटीला पाजायला घेतलं की चिमटे काढतो, डायपर सुटला होता तरी परत घरभर शू करतो, रात्री दोनतीनदा उठून आईला हाका मारतो, "बाळाला परत ठेवून या" म्हणतो, आणि बाबांनी उचललं की लाथा झाडतो.

आधी दुपट्याचं

तीन वर्षांच्या मुलाला "तू असं का केलंस" विचारून फारसं काही हाती लागत नाही, ते एकतर गप्प बसतं नाहीतर समोरच्याला काय ऐकायचंय त्याचा अंदाज घेऊन तेच सांगून टाकतं. त्याच्या खेळण्यांत एक कापडी ससा होता, तो मी रडवला, म्हणजे ससा माझ्या हातात आणि आवाज माझा. थोरल्याने इकडेतिकडे बघितलं, खुर्चीवरचा टॉवेल आणला, सशाला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं, वरून दोन थापट्या मारल्या आणि मला समजावून सांगितलं, "झाकलं की गप्प बसतं." मी आवाज बंद केला. तो जाम खूश झाला आणि म्हणाला, "परत रडव."

आजींना विचारलं तेव्हा उलगडा झाला. धाकटी रडायला लागली की या घरात पहिल्यांदा काय व्हायचं तर कोणीतरी तिला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरायचं, आणि ती शांत व्हायची. मोठ्यांच्या दृष्टीने ती उचलल्यामुळे शांत व्हायची, थोरल्याने मात्र दुपटं टिपलं होतं. त्याच्या वयाला हे लॉजिक अगदी पक्कं आहे. तोंड झाकलं की श्वास अडकतो, श्वास अडकला की माणूस मरतो, आणि मेलेलं माणूस परत येत नाही, यातलं काहीच तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. आता याचा अर्थ त्याच्या मनात राग नव्हता असंही मी म्हणणार नाही, कारण त्याच दुपारी त्याला "शू! ती झोपलीय" म्हणून खोलीतून हाकललं होतं. दोन्ही असू शकतं. आणि खरं सांगायचं तर ते शोधत बसायची गरजच नाही, कारण हेतू काहीही असला तरी बंदोबस्त तोच करायचा असतो.

तो त्याच दिवशी केला. धाकटी मोठ्या पलंगावर एकटी झोपणार नाही. तिची वेगळी कॉट, कडक आणि सपाट गादी, पाठीवर झोपवायचं, आत उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत (हे तसंही पहिलं वर्षभर सगळ्याच बाळांसाठी सांगतात, झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचा धोका कमी होतो म्हणून, घरात मोठं भावंड असो नसो). दुपट्यांची थप्पी वरच्या कप्प्यात. आणि दोघं एका खोलीत एकटी कधीच राहणार नाहीत, अर्धा मिनिटसुद्धा नाही. आईला बाथरूमला जायचंय आणि बाकी कोणी नाही, तर थोरल्याला बरोबर न्यायचं, तो दारात बसून गप्पा मारेल. बाबांना हा नियम शिक्षेसारखा वाटला, "म्हणजे आपण त्याच्यावर संशय घ्यायचा?" संशय कसला, वयच असं आहे. जिन्याला फाटक लावतो तेव्हा आपण मुलावर संशय घेत नसतो.

एक साधी नोंद

मी आईला सांगितलं की तो कसा वागला हे लिहूच नका, चिमटा काढला, ढकललं, ते तुम्हाला पाठच झालंय. फक्त तीन गोष्टी फोनमध्ये टाइप करा. किती वाजले होते, त्या वेळी बाळ कोणाकडे होतं, आणि त्याच्या आधीची दहा मिनिटं थोरला कुठे, कोणाबरोबर होता. तिने ते पाजता पाजता एका हाताने टाइप केलं, त्यामुळे स्पेलिंगचा आनंदच होता, पण नोंद मात्र एक नंबर झाली.

पहिल्या दोन कॉलममध्ये अपेक्षित तेच निघालं. बहुतेक प्रसंग संध्याकाळचे आणि बाळ आईच्या मांडीवर. याचं कारण गणितातच आहे. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, एका वेळचा अर्धा तास धरला आणि दहा वेळा धरलं तरी पाच तास झाले, त्यात ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं वेगळंच. संध्याकाळी तर बाळं ओळीने तासाभराने प्यायला मागतात आणि किरकिरही तेव्हाच वाढते. बेरी ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या, त्यात रडणं पहिले काही आठवडे वाढत जाऊन साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त, म्हणजे दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास, आणि मग उतरत गेलेलं दिसतं. ही बाळं धडधाकट होती, आजारी नव्हती. या घरात दुपट्याचा प्रसंग नेमका सहाव्या आठवड्यात झाला, तेव्हा सगळेच थकून मेटाकुटीला आले होते.

पण मला इंटरेस्टिंग वाटला तो तिसरा कॉलम. तिथे रोज तेच. "आई (म्हणजे आजी) त्याला घेऊन खाली गेल्या." "ह्यांनी त्याला उचलून बाहेर नेलं." "टीव्ही लावून दिला." "आत्याकडे पाठवला होता, नुकताच आला."

म्हणजे बघा, घरात मदतीला हात कमी नव्हते. आजी दिवसभर, बाबा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, अधूनमधून आत्या. आणि या प्रत्येकाने मदत म्हणजे काय ठरवलं होतं, तर थोरल्याला आईपासून बाजूला नेणं, म्हणजे आईला बाळाकडे नीट बघता येईल. सगळ्यांनी मनापासून, प्रेमाने केलं. बागेत नेलं, गाडीवर फिरवलं, लाड केले. थोरल्याच्या बाजूने हेच बघितलं तर काय दिसतं? धाकटी आली तेव्हापासून जो कोणी माझ्याकडे हात पसरून येतो तो मला आईपासून लांब न्यायलाच येतो. बाबांनी उचललं की लाथा झाडायचं कोडं इथे सुटलं, बाबा उचलतात म्हणजे आता आईची खोली बंद होणार, हे त्याला पाठ झालं होतं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, कारण महिनाभर त्यांना वाटत होतं की मुलाला आपण नावडते झालोय.

माझं या पूर्ण प्रकरणातलं मत एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. मदत उलट्या दिशेने फिरवायची. शक्य असेल तेव्हा बाळाला उचलून न्यायचं आणि थोरल्याला आईपाशी ठेवायचं. दूध पिऊन ढेकर काढलेलं बाळ वीस मिनिटं आजीच्या खांद्यावर किंवा बाबांच्या छातीवर आरामात राहतं, त्याला त्या वेळी आईच पाहिजे असं काही नसतं. थोरल्याला मात्र आईच पाहिजे असते.

एकदम आलेले बदल

दुसरी गोष्ट नोंदीत नव्हती, बोलता बोलता निघाली. बाळ यायच्या आत सगळं उरकून घेऊ, या हिशोबाने आईबाबांनी शेवटच्या दोन महिन्यांत थोरल्याचा डायपर सोडवला, बाटली बंद केली, आणि त्याला आईच्या शेजारून हलवून दुसऱ्या खोलीत बाबांजवळ झोपवायला सुरुवात केली. धाकटी पंधरा दिवसांची असताना प्लेग्रुप सुरू केला, कारण ॲडमिशन झालेलीच होती. यातलं एकही पाऊल वेडगळ नाही, सुटं सुटं बघितलं तर सगळीच घरं हे करतात. पण त्याच्या आयुष्यात अडीच तीन महिन्यांत झोपायची जागा, दूध प्यायची पद्धत, शू करायची पद्धत, सकाळ कुठे घालवायची ते ठिकाण, आणि आईची मांडी, हे सगळं बदललं. मोठ्या माणसाचं एका तिमाहीत घर, नोकरी आणि जोडीदार बदलला तर आपण त्याला सुट्टी घ्यायला सांगू.

त्यात झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. याची प्लेग्रुपमुळे दुपारची गेली, रात्री धाकटीच्या रडण्याने तुटत होती, सगळी मिळून जेमतेम नऊ भरत होती. संध्याकाळी सहानंतर जे भांडण व्हायचं त्यातला किती भाग मत्सराचा आणि किती निव्वळ झोपेचा, हे कोणी सांगावं.

"जेलस आहे" म्हटलं की विचार थांबतो

ही समजूत जुनी आहे. आल्फ्रेड ॲडलर हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की धाकटं भावंड आलं की थोरलं सिंहासनावरून खाली उतरतं, आणि तेव्हापासून लोक हे संकट अटळच धरून चालतात. प्रत्यक्ष घरांमध्ये बसून बघितलेलं जे संशोधन आहे ते इतकं सरसकट बोलत नाही. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिजला ४० कुटुंबांकडे दुसरं मूल व्हायच्या आधीपासून जाऊन निरीक्षणं केली आणि १९८२ मध्ये ती छापली. आईच्या हातात बाळ असताना थोरल्याचा खोडकरपणा वाढतो हे त्यांनाही दिसलं, पण त्यांचं मला सगळ्यात उपयोगी वाटणारं निरीक्षण वेगळंच आहे. ज्या आया पहिल्या काही आठवड्यांत थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होत्या, तिला काय हवं असेल, ती का रडत असेल, तुला काय वाटतं, त्या घरांत पुढे वर्षभराने भावंडांचं जास्त चांगलं जमलेलं दिसलं. मिशिगन विद्यापीठातल्या ब्रेंडा व्होलिंग यांनी २०१२ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यांचाही निष्कर्ष असाच की सगळीच मुलं बिघडत नाहीत, काही चिडतात, काही मागे जातात म्हणजे परत बाळासारखं वागतात, काही चक्क पुढे जातात, आणि बऱ्याच जणांचं काही होतच नाही.

या घरात बाळाबद्दल काय बोललं जायचं? "हात लावू नको." "टाळूला नाही!" "हळू." "ती झोपलीय." "आत्ता नाही, बाळ पितंय." म्हणजे धाकटी हे नाही म्हणायचं कारण झाली होती, दिवसभर, प्रत्येक गोष्टीला. टाळूचा प्रकार तर बघण्यासारखा होता, इतक्यांदा ओरडलेले की थोरला बाळाजवळ गेला की त्याचं बोट सरळ टाळूकडेच जायचं. टाळूवरचं जाड आवरण चांगलं मजबूत असतं, हलका हात लागून काही होत नाही, आणि पुढची टाळू भरायला तसंही साधारण वर्ष दीड वर्ष लागतं, तेवढे दिवस ओरडत राहणार का? आम्ही त्याला पाय दिले. बाळाचे पाय तुझे. तळव्याला बोट लावलं की ती बोटं कशी पसरते ते दाखवलं, तो ते वीसपंचवीस वेळा करत बसला आणि आजींना ओढून आणून दाखवलं. "बघ, तिला कळतं!"

काय काय केलं

संध्याकाळचं पाजणं हा कळीचा भाग होता म्हणून तिथून सुरुवात. सगळीकडे सांगतात तशी एक खास खेळण्यांची टोपली करून बघितली, जी फक्त पाजतानाच बाहेर येते. तीन दिवस चालली, चौथ्या दिवशी त्यातली गाडी त्याने धाकटीला फेकून मारली. नेम चुकला म्हणून बरं. त्याला खेळणी नको होती, आई हवी होती, त्यामुळे टोपली गेली. त्याऐवजी आई पलंगावर अशी बसायला लागली की एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला थोरला टेकलेला, आणि चित्रांचं पुस्तक त्याच्या मांडीवर. पानं तो उलटणार, गोष्ट आई सांगणार. आई म्हणाली, एकच पुस्तक इतक्यांदा झालं की मला झोपेत येतं. येऊ दे. चिमटे सगळ्यात जास्त यानेच कमी झाले.

पाजायला बसायच्या आधी पाच मिनिटं त्याची. बाळ कुरकुरायला लागलं की लगेच धावायचं नाही, आधी याला पाणी, शू, मांडीवर एकदा घट्ट धरणं, आणि मग. बाळ एरवी नीट पितंय, ताप नाही, तर मिनिटभर कुरकुरल्याने तिचं काही बिघडत नाही. आणि आईने ते मोठ्याने म्हणायचं, "थांब गं बाळा, आत्ता दादाचं चाललंय." हे वाक्य धाकटीला कळत नाही, ते तिच्यासाठी नसतंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थोरल्याने मान वळवून बाळाकडे असं काही बघितलं की आईला हसू आवरेना.

तसंच नाही म्हणताना बाळाचं नाव घ्यायचं नाही. "बाळ पितंय म्हणून येत नाही" ऐवजी "मला उठायला पाच मिनिटं लागतील." "बाळ झोपलंय, ओरडू नको" ऐवजी "चल, आपण त्या खोलीत ओरडू." आजींना हे नाटकी वाटलं. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं आणि तरी पोरं वाढली." खरं आहे, वाढली. पण आजींनीच नंतर एक गोष्ट केली जी माझ्या यादीत नव्हती. त्यांनी "तू आता मोठा झालास ना" म्हणणं आपणहून सोडलं, कारण एकदा त्यांच्या या वाक्यावर थोरला जमिनीवर आडवा पडून म्हणाला, "मी मोठा नाही, मी बाळ आहे, मला उचल." आजींनी उचललं, दुपट्यात गुंडाळलं, मांडीवर झुलवलं. दोन मिनिटांत कंटाळून पळाला. त्यानंतर रोज एकदा "बाळ बाळ" खेळायचं असं ठरूनच गेलं. त्याने आईकडे अंगावर प्यायलाही मागितलं होतं, तिला फार अवघडल्यासारखं झालं, पण खूप मुलं मागतात हे. तिने नाही न म्हणता एक थेंब बोटावर दिला, त्याने तोंड वाकडं केलं आणि विषय संपला.

डायपर परत सुरू केला, एक अक्षर न बोलता. बाबांना हा पराभव वाटत होता. पण ज्या मुलाला एकदा जमलंय त्याचं जमणं कुठे जात नाही, थोड्या दिवसांनी तो स्वतःच "मला चड्डी" म्हणाला. प्लेग्रुपचे दिवस निम्म्यावर आणले. रात्री बाबांचीच खोली, पण झोपवायला आई, धाकटी तेव्हा आजींकडे.

स्टार चार्ट लावला होता त्यांनी मी जायच्या आधी, बाळाला न मारल्याबद्दल रोज एक स्टार. तो काढायला लावला. तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर आठवण कशाची राहते, तर बाळाला मारण्याची. आणि "बाळाने तुझ्यासाठी गाडी आणली" ही भेट पण झाली होती हॉस्पिटलमध्येच, त्यावर त्याचा प्रश्न होता, "पोटात गाडी होती?" आणि मग आठवडाभर येईल त्याच्या पोटाला कान लावून बघत होता.

मारलं तर काय, हे सगळ्यांनाच विचारायचं असतं. हात धरायचा, "मी मारू देणार नाही", बाळाला उचलून लांब न्यायचं, भाषण नाही. राग आला असेल तर उशीला मार, मला सांग. "सॉरी म्हण" चा आग्रह मी धरत नाही, पाठ केलेलं सॉरी काही कामाचं नसतं.

आईचं काय

दुसऱ्या भेटीत थोरला आईच्या मांडीवर चढला आणि तिने नकळत अंग चोरलं. मला दिसलं आणि मला दिसलंय हे तिलाही कळलं. मग ती बोलली. त्याचा हात अंगावर नको वाटतो. बाळाचे हात बघून त्याच्याकडे बघितलं की तो एकदम राक्षसासारखा मोठा वाटतो, आणि महिन्यापूर्वी तो माझं बाळ होता. हे सांगताना ती मान वर करत नव्हती. खूप आयांना असं होतं आणि जवळजवळ कोणीच बोलत नाही. दिवसभर अंगाला कोणीतरी चिकटलेलं असतं, झोप नाही, आणखी एक हात नकोच वाटतो.

पण त्याबरोबर ती रोज रडत होती, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नव्हती, आणि सातवा आठवडा चालू होता. बाळंतपणानंतर पहिले दहापंधरा दिवस मूड वरखाली होणं नेहमीचं आहे, ते आपोआप उतरतं, दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं. यासाठी १९८७ मध्ये एडिनबर्ग इथे तयार केलेली १० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, पाच मिनिटं लागतात. तिचा स्कोअर डॉक्टरकडे जाण्याइतका आला. प्रसूतिपश्चात नैराश्य निघालं, समुपदेशन सुरू झालं, आणि रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर बाबांकडे गेलं म्हणजे तिला सलग चारपाच तास झोप मिळेल. आजींना "नैराश्य" आवडलं नाही, झोप आवडली. चालेल. हे सगळं सुरू झालं नसतं तर वर लिहिलेलं बाकी काहीच टिकलं नसतं असं माझं मत आहे, कारण त्या सगळ्याला आईची ताकद लागते.

मध्येच सर्दी

सगळं मार्गी लागतंय म्हणेपर्यंत थोरला प्लेग्रुपमधून सर्दी घेऊन आला. घरात एकदम जुनी पद्धत परत, बाळापासून लांब, आजींबरोबर दुसऱ्या खोलीत, आणि दोन दिवसांत चिमटे सुरू. काळजी चुकीची नव्हती. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर, घरचे उपाय नाहीत. पण लांब ठेवायचं म्हणजे आईपासून लांब असं होता कामा नये. आला की हात धुवायचे (घरातल्या सगळ्यांनी, फक्त त्याने नाही), पापी फक्त बाळाच्या पायाला, खोकला बाहीत, आणि आईबरोबरचा त्याचा वेळ तसाच. धाकटीला शेवटी थोडी सर्दी झालीच, ताप आला नाही, आठवड्याभरात गेली.

पुढे

धाकटी चार महिन्यांची होईपर्यंत शू बंद, रात्रीचं उठणं एकदावर, मारणं अगदी क्वचित. प्रेमाचा पूर वगैरे आला नाही. कधी तिला हसवायला जातो, कधी तासभर तिच्याकडे बघतही नाही, एकदा पाहुण्यांना "घेऊन जा हिला" म्हणाला. बाबा आता संध्याकाळी आले की आधी धाकटीला उचलतात, आणि थोरला दारातच त्यांना सांगतो, "बाबा, घे तिला."

आठव्या महिन्यात परत फोन आला. धाकटी रांगायला लागली होती, थोरल्याने रचलेलं सगळं पाडत होती, आणि तो तिला ढकलत होता. हा वेगळाच मामला आहे, यात तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. त्याच्या ब्लॉक्ससाठी तिचा हात पोचणार नाही असं टेबल द्यायला सांगितलं, "वाटून खेळा" एवढ्यात नको, त्याचं ते त्याचं. बाबांनी अजून एक विचारलं, आता दोघांनाच एका खोलीत झोपवलं तर चालेल का? थोरला स्वतःच मागत होता म्हणे. मी नाही म्हटलं, कॉटमध्ये चढून उशी टाकता येते त्याला. धाकटी वर्षाची होऊ दे, तोवर ती आईबाबांच्या खोलीत, आणि त्याला तिथेच खाली गादी घालून द्या, मोठं कोणीतरी खोलीत असेल तेव्हाच.